शाळेत मूल मार खाऊन आलं तर: गोव्यातल्या पालकांसाठी आणि ग्राम बाल समितीच्या नव्या सदस्यांसाठी

बोटांच्या पेरांवर आडवा, बारीक, लाल वळ दिसला तर तो बहुधा पट्टीच्या कडेचा असतो. पोटरीवर दोन समांतर रेघा आणि मधली कातडी फिकट, असं दिसलं तर वेत किंवा बारीक काठी. कानाची पाळी मुळाशी सोललेली असेल तर कान पिळलाय. मूल मात्र तिन्ही वेळा "पडलो" म्हणून सांगतं.

यावर घरात दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर "तूच काहीतरी केलं असशील" म्हणून मुलाला आणखी ओरडा मिळतो, नाही तर सकाळी बाबा तावातावाने शाळेच्या दारात. दोन्हींनी काम बिघडतं. पुढची क्रमवार माहिती पालकांना उपयोगी पडेल, तशीच पालक-शिक्षक संघात, शाळा व्यवस्थापन समितीत किंवा पंचायत पातळीवरच्या ग्राम बाल समितीत नव्याने आलेल्यांनाही.

१. पहिले चोवीस तास

आधी मुलाला सांगा, "तुझी चूक असो-नसो, मारायचा हक्क कोणाला नाही." मग एकच मोकळा प्रश्न विचारा: "आज शाळेत काय झालं?" "बाईंनी छडीने मारलं ना?" असं विचारलंत तर मूल मान डोलवेल, पण पुढे चौकशीत तेच उत्तर "पालकांनी पढवलेलं" ठरेल. मावशी, आजी, शेजारीण अशा प्रत्येकापुढे त्याला पुन्हा सांगायला लावू नका. चौथ्या वेळेपर्यंत तपशील बदलतात आणि मूलही कंटाळतं.

वळ उठला असेल, सूज असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र चालतं. म्हापसा किंवा मडगावचं जिल्हा इस्पितळ, बांबोळीचं गोवा वैद्यकीय महाविद्यालय, जे जवळ पडेल तिथे जा. डोक्याला मार असेल आणि उलटी होत असेल, मूल गुंगत असेल तर थेट १०८. कानशिलात बसली असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवाच. पडद्याला भोक पडलं तरी बाहेरून बऱ्याचदा काही दिसत नाही, मुलाला कमी ऐकू येतं, आणि वर्गात पुन्हा "लक्ष नाही" म्हणून मार.

सगळ्यात मोठा घोटाळा इथेच होतो. पोलिसांच्या भीतीने पालक डॉक्टरला "खेळताना पडला" असं सांगतात. केसपेपरवर तसंच लिहिलं जातं. आठवड्याने तक्रार केली की शाळा तोच कागद पुढे करते. तेव्हा खरं ते सांगा: "शाळेत मारलं, अमुक वस्तूने, अमुक वाजता." सरकारी डॉक्टर ते वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण म्हणून नोंदवतात, पोलिसांनाही कळवतात. म्हणजे तुम्ही गुन्हा दाखल केलात असं नव्हे.

२. नोंद: एक वही, चार ओळी

फोटो दिवसाच्या उजेडात काढा, फ्लॅश नको. वळाशेजारी पंधरा सेंटिमीटरची साधी पट्टी ठेवली की आकार कळतो. एक फोटो जवळून आणि एक थोडा लांबून, हात की पाय ते समजेल असा. पहिल्या दिवशी लाल दिसणारा वळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काळा-निळा पडतो, म्हणून तीन दिवस रोज काढा. मूळ फाइल फोनमध्ये राहू द्या. व्हॉट्सअॅपवरून फिरवलेल्या फोटोचा दर्जा उतरतो आणि तारीख-वेळेचा तपशीलही निघून जातो. शिवाय पालकांच्या ग्रुपवर मुलाचा फोटो टाकलात तर त्याची ओळख तुम्हीच उघड केलीत. बाल न्याय कायद्याने अशी ओळख प्रसिद्ध करायला बंदी आहे.

वहीतली नोंद अशी असावी:

"मंगळवार, तिसरा तास, गणित. वही घरी राहिली. पाच जणांना ओळीत उभं केलं. लाकडी फूटपट्टी, कडेने, उजव्या हातावर दोन. नंतरच्या तासाला पेन धरता येईना."

यात "निर्दयपणे", "अमानुष" असे शब्द नाहीत, आणि नसलेलेच बरे. तास, वस्तू, शरीराचा भाग, किती फटके, कारण काय आणि सोबत कोण, एवढं पुरे. ओळीत उभ्या केलेल्या बाकीच्या चार मुलांना तुम्ही विचारू नका. त्यांच्या पालकांशी बोला. एकटा पालक "तक्रारखोर" ठरतो, तीन पालकांच्या सह्या असल्या की शाळा बैठक बोलावते.

मार म्हणजे फक्त छडी नव्हे. कोंबडा करणे, अंगठे धरायला लावणे, दप्तर डोक्यावर घेऊन उभं करणे, गुडघ्यांवर बसवणे, बाकावर उभं करणे, वर्गात किंवा संडासात कोंडणे, हे सगळं राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाच्या मार्गदर्शक सूचनांत शारीरिक शिक्षा म्हणूनच मोजलंय. फी थकली म्हणून वर्गासमोर नाव वाचणे, जातीवरून बोलणे, घरच्या भाषेवरून हिणवणे हा मानसिक छळ. गोव्यात हा शेवटचा प्रकार फार चालतो. इंग्रजी माध्यमात कोंकणी-मराठी बोलल्याबद्दल दंड, आणि सरकारी मराठी शाळेत कानडी बोलणाऱ्या कामगारांच्या मुलाला "भायलो" (बाहेरचा) म्हणून टोमणा. वळ उठत नाही म्हणून याची नोंद कोणी ठेवत नाही. ठेवा.

३. तुमच्या शाळेला कोणता कायदा लागतो

इथे बरेच जण चुकतात, म्हणून जरा सावकाश.

शिक्षण हक्क कायदा २००९ चं १७ वं कलम शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई करतं. मोडणाऱ्यावर सेवा नियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई होते. पण हा कायदा ६ ते १४ वयापुरता. आणि २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना, अनुदानित असोत वा विनाअनुदानित, या कायद्यातून वगळलं. गोव्यात चर्चशी संबंधित संस्थांच्या शाळा किती आहेत ते सांगायला नको. तिथे १७ वं कलम लिहून तक्रार दिलीत तर पहिल्याच पत्रात उत्तर येतं, "आम्हाला लागू नाही."

म्हणून गोव्यात तक्रारीचा पाया गोवा बाल कायदा २००३ हाच ठेवा. त्यात सर्व शाळांत शारीरिक शिक्षेला बंदी आहे आणि मूल म्हणजे अठरा वर्षांखालची व्यक्ती. त्यामुळे नववी-दहावी आणि उच्च माध्यमिकही त्यात येतात. १७ वं कलम लागत असेल तर ते जोडीला लिहा.

बाल न्याय कायदा २०१५ चं ८२ वं कलम "शारीरिक शिक्षा" या नावाचंच आहे, म्हणून अर्जांत हटकून दिसतं. ते फक्त बालगृहासारख्या बाल संगोपन संस्थांना लागतं, शाळेला नाही. शाळेत मूल ज्याच्या ताब्यात आहे त्याने क्रूरता केली तर कलम ७५ पाहायचं.

शिकवणीवर्गाला शिक्षण हक्क कायदा लागत नाही. तिथे मार गंभीर असेल तर पोलीस, एरवी बाल कल्याण समिती, म्हणजे अडचणीतल्या मुलांची प्रकरणं बघणारी जिल्ह्याची समिती.

४. तक्रार: कोणाला, कशी

मुख्याध्यापकांना तोंडी भेटायला हरकत नाही, पण मुलाला सोबत नेऊन शिक्षकासमोर उभं करू नका. "सांग बाळा, कोणी मारलं?" या प्रश्नाला शिक्षकांच्या खोलीत खरं उत्तर मिळत नाही. मूल गप्प बसतं आणि "बघा, त्याची तक्रारच नाही" असं म्हणून विषय संपतो.

भेटीला जातानाच लेखी अर्ज घेऊन जा. नमुना:

"माझी मुलगी इयत्ता चौथीत शिकते. दि. __ रोजी तिसऱ्या तासाला गणिताची वही न आणल्याबद्दल वर्गशिक्षकांनी तिच्या उजव्या हातावर लाकडी पट्टीने दोनदा मारले. त्याच दिवशी संध्याकाळी तिला आरोग्य केंद्रात दाखवले. केसपेपरची प्रत सोबत आहे. गोवा बाल कायदा २००३ नुसार शाळेत शारीरिक शिक्षेला बंदी आहे. विनंती: (अ) दोन्ही बाजू ऐकून चौकशी करावी आणि निष्कर्ष लेखी कळवावा, (आ) चौकशीच्या काळात मुलीला याबाबत वर्गात काहीही विचारले जाऊ नये, (इ) शाळेत शारीरिक शिक्षा बंद असल्याची लेखी सूचना सर्व वर्गांत द्यावी. सात दिवसांत उत्तर मिळावे."

(आ) कधीच गाळू नका. तक्रारीनंतरचा खरा त्रास तिथूनच सुरू होतो: "हिला काही बोलू नका हां, हिचे बाबा तक्रार करतात."

प्रत भागशिक्षणाधिकाऱ्यांना त्याच दिवशी द्या. ते तालुका पातळीवर असतात. त्यांच्या वर म्हापसा, पणजी आणि मडगाव इथली शिक्षण खात्याची विभागीय कार्यालयं, आणि शेवटी पर्वरीला शिक्षण संचालक. सरकारी शाळेत शिक्षकाची नेमणूक खात्याची असते, म्हणून कारवाईही खातं करतं. अनुदानित शाळेत नेमणूक व्यवस्थापनाची. मुख्याध्यापकांपुरता अर्ज दिलात तर तो टेबलातच राहतो, तेव्हा व्यवस्थापनाच्या अध्यक्षांच्या नावेही द्या.

प्रत्येक प्रतीवर पोच घ्या: शिक्का, सही, तारीख, इनवर्ड नंबर. "ठेवून जा, मी साहेबांना देतो" म्हणाले तर ठेवू नका. घेतलाच नाही तर स्पीड पोस्टने पाठवा आणि पोहोचल्याचा पुरावा जपा.

सोबत लागणारे कागद:
• मुलाचं ओळखपत्र किंवा शाळेच्या डायरीचं पहिलं पान, वयाच्या दाखल्याची प्रत
• केसपेपर, औषधाची चिठ्ठी, एक्स-रे असल्यास अहवाल
• छापलेले फोटो, मागे तारीख
• वहीतल्या नोंदीची प्रत
• इतर पालकांच्या सह्यांचं वेगळं पत्र (मुलांची नावं न लिहिता)
• डायरीत शिक्षकांनी लिहिलेले शेरे

मूळ कागद कोणालाही देऊ नका. दोन संच प्रती काढा, एक घरी, एक हातात.

५. पोलीस, बाल कल्याण समिती, आयोग: कुठे केव्हा

हाड मोडलं, कान फुटला, डोक्याला इजा झाली, मूल कोंडलं गेलं तर शाळेच्या चौकशीची वाट पाहू नका. ११२ किंवा पोलीस ठाणं. स्पर्शाला जराही लैंगिक छटा असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि सरळ पोलिसांत जा. पॉक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याखाली, कळवणं बंधनकारक आहे, "आधी शाळेची समिती बघेल" हा पर्यायच नाही.

मूल घाबरलंय, शाळेत जायला नकार देतं, घरीही आधार नाही, अशा वेळी १०९८ ही मुलांची हेल्पलाइन. तो फोन मूल स्वतःही करू शकतं, पैसे लागत नाहीत. त्यातून किंवा थेट, प्रकरण जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीकडे जातं.

दोन फटक्यांच्या प्रकरणात थेट फौजदारी मार्ग धरण्याआधी एवढं जाणून घ्या. २०१४ मधल्या एका घटनेत, पट्टीने मारल्याच्या आरोपावरून इथल्या बाल न्यायालयाने एका प्राथमिक शिक्षिकेला दोषी ठरवलं होतं. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने तिला निर्दोष सोडलं. मुलांना वळण लावण्याच्या हेतूने केलेली कृती आणि गुन्हा यांत न्यायालयाने फरक केला. २०२५ मध्ये गोव्यातल्याच दुसऱ्या एका प्रकरणात, तिथे शिक्षक नव्हता, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की भांडणातला एखादा क्षणिक फटका म्हणजे गोवा बाल कायद्यातला "बाल अत्याचार" नव्हे, त्यासाठी इजा किंवा छळाचा हेतू दिसायला हवा. म्हणजे किरकोळ मारात फौजदारी खटला वर्षानुवर्षं चालून सुटण्याची शक्यता बरीच, आणि सुटला की शाळेत चर्चा होते, "कोर्टानेच सांगितलं, मारलेलं चालतं." तसं कोर्टाने म्हटलेलं नाही. शाळेतली बंदी जागच्या जागी आहे, आणि खात्याच्या शिस्तभंगाच्या कारवाईला फौजदारी गुन्हा सिद्ध व्हावाच लागतो असं नाही. नेहमीच्या छडीसाठी तोच रस्ता जवळचा.

गोवा राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे केव्हाही जाता येतं. चौकशी करताना आयोगाला साक्षीदार बोलावण्याचे, कागद मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार असतात. पण आयोग पहिला प्रश्न विचारतो: शाळेला आणि खात्याला काय कळवलंत? तेव्हा शिक्के मारलेल्या प्रती कामी येतात.

६. पाठपुरावा

सात दिवसांनी उत्तर नाही, तर एका ओळीचं स्मरणपत्र, इनवर्ड नंबर टाकून. पंधरा दिवसांनी दुसरं, प्रत विभागीय कार्यालयाला. महिन्याने माहिती अधिकारात दहा रुपये भरून शिक्षण खात्याकडे विचारा: "इनवर्ड क्र. __ च्या तक्रारीवर आजपर्यंत झालेली कार्यवाही, टिपणीसह." उत्तराला तीस दिवस. खाजगी विनाअनुदानित शाळेला थेट असा अर्ज करता येत नसला तरी तिच्याविषयीची खात्यातली फाइल मागता येते. शिक्षण हक्क कायद्याच्या ३२ व्या कलमाखाली केलेल्या तक्रारीचा निकाल तीन महिन्यांत लागायला हवा. तो पटला नाही तर अपील राज्य आयोगाकडे.

या काळात काही गोष्टी समोर येतात. "आमची काही तक्रार नाही" असं छापील पत्र सहीसाठी पुढे केलं जातं. समेट करायचा असेल तर जरूर करा, पण "पुढे शारीरिक शिक्षा होणार नाही" असं शाळेने लिहून दिल्याशिवाय सही नाही. प्रवेशाच्या वेळी "शिस्तीसाठी शिक्षा करण्यास हरकत नाही" असं पालकाकडून लिहून घेतलेलं असतं. तुमच्या संमतीने कायद्याची बंदी उठत नाही. दाखला देऊन काढू, अशी धमकी मिळाली तर शिक्षण हक्क कायदा लागू असलेल्या शाळेत आठवीपर्यंत मुलाला काढताच येत नाही. आणि मग बदली: शिक्षक पेडण्यातून काणकोणला जातो, छडी त्याच्यासोबत जाते. बदलीला निकाल समजू नका, चौकशीचा लेखी निष्कर्ष मागा.

७. एका तक्रारीने छडी जात नाही

हा भाग व्यवस्थापन समिती आणि पालक-शिक्षक संघासाठी. शिक्षण हक्क कायदा लागू असलेल्या सरकारी आणि अनुदानित शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असायला हवेत. म्हणजे विषयपत्रिकेवर हा मुद्दा आणणं तुमच्याच हातात आहे.

आधी मार कुठे पडतो ते शोधा. महिन्यातून एकदा, नाव न लिहिता, तिसरीपासूनच्या मुलांना चिठ्ठ्या द्या: या आठवड्यात वर्गात कोणाला मारलं का? कोणत्या तासाला? कशाने? कशाबद्दल? पेटी वर्गशिक्षकाने नव्हे, समुपदेशकाने उघडावी. गोवा शिक्षण विकास महामंडळामार्फत शाळांना समुपदेशक मिळतात, तुमच्याकडे कोणत्या दिवशी येतात ते विचारा. चिठ्ठ्यांवरून माणसाचं नाव शोधायचं नाही, तास आणि कारण शोधायचं. गृहपाठ तपासणीचा तास पुन्हा पुन्हा वर येत असेल तर उपाय गृहपाठात आहे: सगळे विषय एकाच दिवशी दिले जातात का? घरी शिकवायला कोणी नसलेल्या मुलाला शाळेतच वीस मिनिटं देता येतील का?

शिक्षकाचंही ऐका. पहिली ते चौथी एकाच खोलीत, शिक्षक एकच, अर्ध्या मुलांना मराठी नीट कळत नाही, आणि वरून सर्वेक्षणाची कामं. त्याने मारणं माफ होत नाही, पण "मारू नका" एवढंच सांगून ती खोली शांत होत नाही. शांत राहण्याची ठरलेली खूण, पुढच्या बाकाची फिरती जागा, गोंधळ घालणाऱ्याला त्याच वेळी वही-वाटपाचं काम, तिसऱ्यांदा तेच झालं तर पालकांना चिठ्ठी, असे तीन-चार टप्पे शिक्षकांनीच बसून ठरवावेत आणि भिंतीवर लावावेत. समितीने ठरवून दिलेले टिकत नाहीत.

दोन पळवाटा लक्षात ठेवा. "काठी फळा दाखवायला लागते." मग ती मुलांनी गुंडाळलेल्या कागदाची असू द्या. वर्गात वेत ठेवला की तो वापरला जातो. दुसरी, मॉनिटर. बाई स्वतः हात लावत नाहीत, पण फळ्यावर नावं लिहिणारा मुलगा पट्टी मारतो. जबाबदारी शाळेचीच.

राष्ट्रीय आयोगाच्या सूचनांनुसार शाळेत शारीरिक शिक्षेवर लक्ष ठेवणारा कक्ष हवा. त्यात शिक्षक, पालक, डॉक्टर, वकील, मोठ्या वर्गातले विद्यार्थी असावेत, आणि घटनेनंतर अठ्ठेचाळीस तासांत शिफारस पुढे जावी. कागदावर कक्ष असतो. शेवटची बैठक कधी झाली ते इतिवृत्तात पाहा. आणि आरोप असलेल्या शिक्षकाला म्हणणं मांडू न देता ठराव घेऊ नका, तो वर टिकत नाही.

८. पंचायतीत

गोवा बाल कायद्याखाली पंचायत पातळीवर ग्राम बाल समिती असते. सदस्य कोण, बैठक केव्हा झाली, हे पंचायत सचिवांकडे लेखी मागा. समितीने शाळेची चौकशी हातात घेऊ नये, तो तिचा अधिकार नाही. तिने शाळांना भेट द्यावी, समुपदेशकाचा वार आणि १०९८ क्रमांक प्रत्येक वर्गाबाहेर मुलांच्या उंचीवर लागलाय का ते पाहावं, आणि अडलेल्या तक्रारी भागशिक्षणाधिकाऱ्यांकडे न्याव्यात. मुलाचं नाव इतिवृत्तात लिहू नका, वाड्यावर दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कळतं.

ग्रामसभेच्या साधारण बैठका जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरमध्ये रविवारी होतात. विषय आधीच लेखी द्या, ऐनवेळी उठून बोललेलं इतिवृत्तात येईलच असं नाही. ठराव दोन ओळींचा पुरे: "पंचायत क्षेत्रातील सर्व शाळांनी शारीरिक शिक्षेविरुद्धचा कक्ष स्थापन केल्याची माहिती ग्राम बाल समितीला तीस दिवसांत लेखी द्यावी." त्यात कोणत्याही शिक्षकाचं नाव नको. प्रत शिक्षण संचालकांना पाठवा आणि तीस दिवस संपतात ती तारीख सचिवांसमोरच वहीत लिहून ठेवा.